एसटीपीच्या पाण्यावरचं ठिबक सारखं चोक होतंय? फिल्टर बदलायच्या आधी हे बघा

सोसायटीच्या बागेला एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचं पाणी ठिबकने द्यायला लागलं की थोड्याच दिवसांत ठरलेली तक्रार सुरू होते. माळी म्हणतो ड्रीपरमधून पाणी येत नाही, ऑपरेटर म्हणतो प्लँट तर व्यवस्थित चालू आहे, एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा माणूस, येऊन फिल्टरच्या डिस्क धुऊन जातो, पंधरवडाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं की फिल्टरच छोटा आहे, मोठा घ्या, नाहीतर अजून एक बारीक जाळीचा लावा. पुण्याच्या आसपास वाकड, हिंजवडी, वाघोली कुठेही जा, ज्या सोसायटीत टँकरचा खर्च वाचवायला हे पाणी बागेत वापरतात तिथे हाच संवाद ऐकू येतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, बहुतेक वेळा दोष फिल्टरचा नसतोच, घाण एकतर फिल्टरच्या आधी नको तेवढी येत असते नाहीतर फिल्टरच्या पुढे पाइपात नव्याने तयार होत असते, आणि या दोन्हींवर मोठा फिल्टर हा उपाय नाही. त्यामुळे आधी शोधायचं की घाण नक्की कुठली आणि मग पैसे काढायचे.

सगळ्यात सोपी तपासणी, ज्याला रुपया लागत नाही. हातमोजे घाला, चोक झालेला एक ड्रीपर कापा, लॅटरलच्या, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या बारीक पाइपाच्या, टोकाची एंड कॅप काढा आणि पहिलं जे पाणी येईल ते पांढऱ्या बादलीत घ्या. काय दिसतंय? बुळबुळीत, शेंबडासारखं, करडं किंवा काळपट, वास मारणारं असेल तर ते जिवाणूंनी पाइपात केलेलं घर आहे, फिल्टरमधून निसटलेली घाण नाही. तपकिरी मऊ कण, बोटात चुरडले की विरघळल्यासारखे होतात, तर तो एरेशन टँकमधला (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, वाहून आलाय. पांढरी कडक खपली असेल तर तिच्यावर थोडं व्हिनेगर टाका, फसफसली की क्षार, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हिरवं असेल तर शेवाळ, कुठेतरी टाकीत किंवा पाइपात ऊन लागतंय. आणि कचकच करणारी वाळू किंवा काळी बारीक पूड आली तर सँड फिल्टरच्या किंवा कार्बन फिल्टरच्या आतली खालची जाळी, ज्याला लोक स्ट्रेनर किंवा नोझल म्हणतात, ती तुटलीय. तिथे मात्र फिल्टर खरंच उघडावा लागेल.

दुसरी तपासणी बाटल्यांची. पारदर्शक बाटल्या घ्या, एकात सेटलिंग टँकवरून (जिथे स्लज खाली बसतो) पडणारं पाणी, एकात सँड फिल्टरनंतरचं, एकात कार्बन फिल्टरनंतरचं, एकात ट्रीटेड टाकीतलं आणि एकात अगदी लांबच्या लॅटरलच्या टोकाचं. नावं लिहून खिडकीत ओळीने ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. ताजं असताना कोणती बाटली गढूळ ते बघा आणि झाकण लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, वासही घ्या. सेटलिंगची बाटलीच गढूळ असेल तर रोग प्लँटमध्ये आहे. तिथे स्वच्छ पण सँड फिल्टरनंतर गढूळ असेल तर फिल्टर स्वतःच घाण सोडतोय. कार्बनपर्यंत सगळं चकाचक आणि टोकाला घाण, तर ती पुढच्या टाकीत नाहीतर पाइपात तयार होतेय. अंदाजापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि मीटिंगमध्ये पाच बाटल्या टेबलावर ठेवल्या की वाद निम्मा मिटतो, हा फायदा वेगळाच.

आता प्लँटकडे येऊ. सेटलिंगनंतर पाणी गढूळ येण्याचं पहिलं कारण म्हणजे स्लज काढलाच जात नाही. एरेशन टँकमधले जिवाणू खातात आणि वाढतात, वाढलेला जास्तीचा स्लज रोज थोडा थोडा बाहेर काढायचा असतो, पण स्लजमधलं पाणी पिळून काढणारा फिल्टर प्रेस चालवणं कटकटीचं, स्लजच्या पिशव्या सुकवायला जागा नाही, नेणारा येत नाही, मग ऑपरेटर तो आतच फिरवत बसतो. एक दिवस सेटलिंग टँक भरतो आणि स्लज सरळ वरून वाहून सँड फिल्टरवर येतो. यासाठी रोज एक लिटरच्या मापाच्या नळकांड्यात एरेशन टँकमधलं पाणी घेऊन अर्धा तास न हलवता ठेवायचं. साध्या ॲक्टिव्हेटेड स्लजच्या प्लँटला साधारण २५० ते ४०० मिली गाळ खाली बसला आणि वरचं पाणी नितळ असेल तर ठीक. ६००-७०० च्या पुढे गेलं तर एकतर स्लज जास्त झालाय नाहीतर फुगलाय, नीट बसतच नाहीये. अर्ध्या तासात छान बसला पण तास-दोन तासांनी लोळेच्या लोळे बुडबुड्यांसकट वर आले तर तुमच्या सेटलिंग टँकमध्ये स्लज खूप वेळ पडून राहतोय, तो लवकर परत एरेशनमध्ये ओढायला हवा. एमबीबीआर असेल, म्हणजे ते प्लॅस्टिकचे चाकासारखे तुकडे तरंगणारा, तर हे आकडे लागू नाहीत, कारण तिथे जिवाणू त्या तुकड्यांवर चिकटलेले असतात, पण वरचं पाणी नितळ आहे की नाही एवढं त्यातही कळतं.

दुसरं कारण ब्लोअर, म्हणजे एरेशन टँकमध्ये हवा सोडणारं यंत्र. वीजबिल बघून कमिटी सांगते रात्री ब्लोअर बंद ठेवा, किंवा टायमर लावून अर्धा वेळ चालवा. आता बघा या एका निर्णयाचं शेपूट कुठवर जातं. एरेशन टँकमध्ये विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला पाहिजे, तो घसरला की आधी मरगळतात ते अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू, कारण ते सगळ्यात हळू वाढतात आणि सगळ्यात नाजूक. पाणी दिसायला बऱ्यापैकी स्वच्छ असतं पण त्यात अमोनिया शिल्लक राहतो. पुढे तुम्ही हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण) टाकता, तो क्लोरीन आधी अमोनियाला जाऊन चिकटतो. मुक्त क्लोरीन मिळायला अमोनियातल्या प्रत्येक १ ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण ८ ते १० ग्रॅम क्लोरीन खर्च होतो. म्हणजे पाण्यात १० मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन असेल तर लिटरमागे ८०-१०० मिलिग्रॅम क्लोरीन टाकाल तेव्हा कुठे मुक्त क्लोरीन दिसायला लागेल, एवढा कोणी टाकत नाही आणि टाकूही नये, झाडं मरतील. मधल्या अवस्थेत जो बांधलेला क्लोरीन असतो तो काम करतो पण बराच कमजोर. मग पाइपात बुळबुळ होते, ड्रीपर बुजतात आणि शिव्या फिल्टरला. वाचवलेलं वीजबिल डिस्क धुण्यात आणि नवीन लॅटरलमध्ये जातं.

क्लोरीन आहे की नाही हे बघायला बरेच ऑपरेटर ओटीओचे पिवळे थेंब वापरतात. त्यात मुक्त आणि अमोनियाला बांधलेला दोन्ही मिळून पिवळा रंग येतो, त्यामुळे ‘क्लोरीन आहे साहेब’ हे खरंही असतं आणि उपयोगाचं नसतंही. डीपीडी किट घ्या, त्यात दोन्ही वेगळे कळतात.

आता सँड फिल्टर. यात सगळ्यात जास्त घोळ बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्यात, असतो आणि तो कागदावर दिसत नाही. उदाहरण घेऊ, ८०० मिमी व्यासाची टाकी, आतलं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. ताशी १२ मीटर वेगाने गाळायचं म्हटलं तर ताशी ६,००० लिटर पाणी जातं, पंपही तेवढ्याचाच बसवलेला असतो. पण बॅकवॉशला खालून पाणी सोडून वाळू उचलली गेली पाहिजे, कण एकमेकांवर घासले पाहिजेत, त्यासाठी कमीत कमी दुप्पट-अडीचपट प्रवाह लागतो, वाळू जाडी असेल तर अजून जास्त. त्याच ६,००० च्या पंपाने बॅकवॉश केला की वरवरची घाण निघते, गेज थोडा खाली येतो, ऑपरेटर खूश, पण खोलवर वाळू आणि स्लजचे चिकट गोळे बनत राहतात. काही महिन्यांनी पाणी त्या गोळ्यांच्या मधल्या भेगांतून सरळ खाली जातं, न गाळता. फीड पंप दोन असतील तर बॅकवॉशला दोन्ही एकदम चालवता येतात का बघा. मोजायचं कसं, तर बॅकवॉशची आउटलेट लाईन २०० लिटरच्या ड्रममध्ये धरा, एका मिनिटात भरला तर ताशी १२,००० लिटर. दोन मिनिटं लागली तर तुमचा बॅकवॉश म्हणजे नुसतं फिल्टरला ओलं करणं आहे.

बॅकवॉश कधी करायचा हे घड्याळावर नको, गेजवर ठरवा. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा प्रेशर यातला फरक स्वच्छ असतानापेक्षा साधारण अर्धा किलोने (चौरस सेंटिमीटरला) वाढला की करायचा. पण त्यासाठी दोन्ही गेज चालू पाहिजेत, आणि मी पाहिलेल्या निम्म्या प्लँटवर गेजचा काटा प्लँट बंद असतानाही दीड किलोवर चिकटलेला असतो. दोन नवीन गेज बसवा, हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे. आणि बॅकवॉशनंतर रिन्स विसरू नका. मल्टीपोर्ट व्हॉल्व्हवर, म्हणजे फिल्टरमधल्या पाण्याची दिशा बदलणाऱ्या हँडलच्या व्हॉल्व्हवर, रिन्सची जागा त्यासाठीच असते, पहिली काही मिनिटं गढूळ पाणी बाहेर गेलं पाहिजे, ते न करता सरळ फिल्टरवर आणलं की ती सगळी घाण पुढे कार्बनमध्ये आणि बागेच्या टाकीत. मल्टीपोर्टच्या आतलं रबर झिजलं तर न गाळलेलं पाणी आतल्या आत पुढे सरकतं, बाहेरून काहीच कळत नाही, ते बाटल्यांच्या तपासणीतच पकडलं जातं. आणि हो, हँडल बायपासवर नाही ना हेही बघून घ्या, प्रेशर वाढला की पंप ट्रिप होतो म्हणून हँडल तिकडे फिरवून ठेवायची सवय फार ठिकाणी आहे.

कार्बन फिल्टरबद्दल एक गोष्ट जी डिझाइनमध्येच चुकलेली सापडते. हायपोचा डोस फिल्टर फीड टाकीत, म्हणजे सँड आणि कार्बनच्या आधी. आता कार्बनचं एक कामच मुळी क्लोरीन खाणं आहे. म्हणजे तुम्ही आधी औषध घालता, पुढे ते काढून टाकता, आणि बिनक्लोरीनचं, खतावलेलं, कोमट पाणी टाकीत साठवून ठेवता. त्यात नायट्रोजन आहे, फॉस्फरस आहे, थोडं सेंद्रियही आहे, जिवाणूंना याहून काय पाहिजे. शिवाय कार्बन जुना झाला की त्याच्याच कणांवर जिवाणू वाढतात आणि तो गाळायच्या ऐवजी घाण सोडायला लागतो. उपाय साधा आहे, डोसिंगचा पॉइंट कार्बनच्या पुढे ट्रीटेड टाकीच्या इनलेटवर आणा आणि पाणी वापरायच्या आधी निदान अर्धा तास तरी क्लोरीनला टाकीत मिळू द्या. आधीही थोडा डोस ठेवायचा असेल तर ठेवा, पण नंतरचा हवाच.

डोस किती, तर हिशोब तोंडी करता येतो. १० टक्क्यांच्या हायपोत लिटरला साधारण १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १,००० लिटर पाण्यात १ पीपीएमसाठी (लिटरला १ मिलिग्रॅम) १० मिली. १०,००० लिटरच्या टाकीत ५ पीपीएम हवं तर अर्धा लिटर. मात्र हायपो उन्हात, गरमीत भराभर मरतो, एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन महिन्याभराने नावालाच हायपो असतो, म्हणून आकड्यावर न जाता लॅटरलच्या टोकाला किट लावून बघा, तिथे ०.५ ते १ पीपीएम मिळालं की पुरे. पाइपात बुळबुळ आधीच झाली असेल तर एकदा १०-२० पीपीएमचं पाणी लॅटरलमध्ये भरून अर्धा-एक तास ठेवायचं आणि मग फ्लश करायचं. कुंड्यांमधल्या नाजूक रोपांच्या लाईन त्या वेळी बंद ठेवा.

इथे एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे म्हणून वेगळी सांगतो. पांढरी खपली निघावी म्हणून काही जण लाईनमध्ये ॲसिड सोडतात, ते चालतं, पण हायपो आणि ॲसिड कधीही एकत्र येता कामा नये, एकाच दिवशी नको, एकाच डोसिंग टाकीतून तर मुळीच नको, क्लोरीन गॅस सुटतो आणि एसटीपी बहुतेक तळघरात असतो. मध्ये साध्या पाण्याने लाईन पूर्ण धुवा. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही.

ठिबकच्या तोंडाशी जो डिस्क फिल्टर असतो तो साधारण १२० मेशचा, म्हणजे १३० मायक्रॉनचा. ड्रीपरमधली वाट एक मिलिमीटरच्या आसपास असते, तिला हे पुरतं. पण तो पाणी ‘शुद्ध’ करतो असा समज असेल तर सोडा. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, जंताची अंडी पन्नास-सत्तर मायक्रॉनची, दोन्ही त्यातून आरामात जातात. जंताच्या अंड्यांना तर क्लोरीनही फारसं काही करत नाही, ती अडतात सेटलिंगमध्ये आणि नीट चालणाऱ्या सँड फिल्टरमध्ये, म्हणून सँड फिल्टर बायपासवर ठेवणं हा फक्त ड्रीपरचा प्रश्न नाही, बागेत खेळणाऱ्या पोरांचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खायच्या पिकांना आणि सार्वजनिक उद्यानांना द्यायच्या पाण्यासाठी मर्यादा दिली होती, १०० मिलीत मल-कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) १,००० पेक्षा जास्त नको आणि लिटरमागे जंताचं जास्तीत जास्त एक अंडं, आणि लोकांचा थेट स्पर्श होतो त्या हिरवळीला मल-कोलिफॉर्म २०० च्या आतच. आपल्याकडे प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात तुमच्या प्लँटचे आकडे लिहिलेले असतात, बऱ्याच सोसायट्यांना बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप) १० च्या आत मागितलेला असतो, ते पत्र फाइलमधून काढून वाचा. लॅबला नमुना देताना कोलिफॉर्मसाठी त्यांची निर्जंतुक बाटलीच वापरा, त्यात थायोसल्फेट असतं जे क्लोरीन मारतं. साध्या बिसलेरीच्या बाटलीत दिलं तर वाटेतच क्लोरीन जिवाणू मारत राहतो आणि रिपोर्ट उगाच छान येतो.

त्यामुळे हिरवळीवर स्प्रिंकलर असतील तर ते रात्री उशिरा किंवा पहाटे, कोणी फिरायला नसताना चालवा, तुषार हवेत उडतात आणि श्वासात जातात. कढीपत्ता, तुळस, पुदिना, कोथिंबीर या वाफ्यांना वेगळं चांगलं पाणी ठेवा, लोक येता-जाता तोडतात आणि खातात. नळावर ‘हे पाणी पिण्याचे नाही’ असं मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत लिहा, आणि वॉचमनच्या मुलांना वाचता येत नसेल म्हणून त्या नळाची चावीच काढून माळ्याकडे ठेवा.

फ्लशिंगबद्दल थोडक्यात. आधी मेन, मग सबमेन, मग लॅटरल. सगळ्या एंड कॅप एकदम उघडल्या की कुठेच जोर राहत नाही, थोड्या थोड्या उघडा. १६ मिमीच्या लॅटरलच्या टोकाला लिटरची बाटली पंधरा-वीस सेकंदांत भरली पाहिजे, त्याहून हळू असेल तर घाण हलत नाही. ट्रीटेड टाकीवर झाकण, पारदर्शक पाइप असेल तर तो काळ्याने बदला, आणि टाकीचा तळ वर्षातून दोनदा उपसा. टाकी किती मोठी हेही बघा, तीन दिवसांचं पाणी साठवणारी टाकी म्हणजे वासाचं आमंत्रण, पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही तेव्हा तर तीच आठवडाभर भरलेली राहते, त्या दिवसांत ते पाणी टॉयलेटच्या फ्लशला फिरवा.

शेतकरी मंडळींसाठीही थोडं, कारण मुंढव्याच्या जॅकवेलवरून पुणे महापालिकेचं प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडतात आणि हवेली-दौंडकडे त्यावर ऊस, भाजीपाला होतो. तिथे एसटीपी तुमच्या हातात नाही, त्यामुळे सगळं शेततळ्यापासून पुढे सांभाळायचं. हायड्रोसायक्लोन फक्त वाळू काढतो, शेवाळ आणि सेंद्रिय चिकटा नाही, आणि नुसता स्क्रीन फिल्टर लावला तर चिकटा प्रेशरने जाळीतून पिळून पुढे जातो. आधी सँड फिल्टर, त्यापुढे डिस्क, हा क्रम ठेवा. फूटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नका आणि अगदी वरही नको, तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाच्या अर्धा-पाऊण मीटर खाली लटकवा, वर शेवाळ आणि खाली गाळ असतो. मेथी-कोथिंबिरीला वरून तुषार देणं टाळा, ठिबकने मुळाशी द्या.

शेवटचं, जे कुठल्याच फिल्टरने होत नाही ते म्हणजे मीठ. पानांची टोकं करपतायत, माती वाळली की वर पांढरं येतंय, पाणी मुरत नाही, आणि लोक म्हणतात फिल्टर खराब. सँड, कार्बन, डिस्क, कोणीही विरघळलेले क्षार काढत नाही. हे येतं बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यातून, आणि त्याहून जास्त सॉफ्टनरमधून, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून. सॉफ्टनर रिजनरेट करताना, म्हणजे मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजा करताना, मिठाचं जे पाणी निघतं ते बऱ्याच इमारतींत सरळ ड्रेनेजला, म्हणजे एसटीपीत आणि तिथून बागेत. सोडियम काळ्या मातीला घट्ट करतो, मग पाणी कितीही स्वच्छ असो मुळापर्यंत जात नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने ट्रीटेड पाणी आणि येणारं पाणी दोन्ही मोजा, फरक चारशे-पाचशेच्या वर असेल तर सॉफ्टनरचा तो पाइप कुठे जातो ते प्लंबरला शोधायला लावा. मीठ आतून कमी करता येत नसेल तर निदान मातीत जिप्सम घाला आणि पावसाळ्यात वाफ्यांतून पाणी निघून जायला वाट ठेवा, साचू देऊ नका.